हिब्रू स्तोत्रांना मराठी अर्थ देणारे राजपूरकर मास्तर

पुण्यातील लाल देवळाची ओळख पुणेकरांना नव्याने करून देण्याची गरज नाही. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेले आणि १८६७ मध्ये पूर्ण झालेले ते ‘ओहेल डेव्हिड’ हे बगदादी ज्यूंचे प्रार्थनामंदिर. त्याच्या आवारातच ससून यांची समाधी आहे. रास्ता पेठेतील ‘सुक्कथ शेलोमो’ मात्र अनेकांना ठाऊक नसते. १९२१ मध्ये उभे राहिलेले हे मंदिर बेने इस्रायलींचे, म्हणजे घरीदारी मराठी बोलणाऱ्या ज्यूंचे. प्रार्थना दोन्हीकडे हिब्रूतच. पण ओठांवरची हिब्रू आणि मनातली मराठी यांच्यातील अंतर कमी करण्यासाठी एका शिक्षकाने सारे आयुष्य वेचले. जोसेफ एझिकेल राजपूरकर हे त्यांचे नाव. ज्यू विद्येच्या कोशांत त्यांची नोंद सन्मानाने झाली. महाराष्ट्राच्या वाङ्मयीन इतिहासात मात्र त्यांचा उल्लेख क्वचितच आढळतो.

राजपूरकरांचे काम समजायचे तर त्यांच्या समाजाची स्थिती आधी पाहावी लागेल. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज कोकणात आले, अशी बेने इस्रायलींची परंपरा सांगते. गावोगाव तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले जात. शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा’ ही एकमेव प्रार्थना, एवढेच त्यांच्यापाशी उरले होते. जन्म असो, लग्न असो, शेमाच म्हणायचा. सणांची हिब्रू नावेही विस्मरणात गेली आणि त्यांच्या जागी अस्सल मराठी नावे आली : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण. मुंबईत सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये पहिले प्रार्थनामंदिर बांधले. पुढे कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी सेफार्दी पद्धतीची उपासना शिकवली. अशा रीतीने हिब्रू प्रार्थना परत आली. पण आधी आला तो तिचा उच्चार. अर्थ यायचा होता.

आणि या उपासनेत केवळ गद्य प्रार्थना नव्हत्या. तिच्यात ‘पियुत’ होते. पियुत म्हणजे उपासनेसाठी रचलेले काव्य. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी पॅलेस्टाईनमध्ये ही परंपरा आकाराला आली आणि मध्ययुगीन स्पेनमध्ये अरबी वृत्तांच्या सहवासात ती बहरली. मोझेस इब्न एझ्रा, येहुदा हलेवी हे त्या काळातील थोर कवी. आपल्याकडे संतकवी अभंगाच्या शेवटी आपले नाव गुंफतात. पियुतकार ते कडव्यांच्या आद्याक्षरांत दडवतो. शब्बाथच्या स्वागताचे ‘लेखा दोदी’ हे पद सोळाव्या शतकात सफेद या गावी श्लोमो अल्काबेझ यांनी रचले. त्याच्या कडव्यांची पहिली अक्षरे जुळवली की कवीचे नाव उमटते. इस्रायल नजारा या कवीने तर तुर्की गाण्यांच्या चालींवर हिब्रू पदे बांधली. संगीत नाटकाच्या पदांवर ‘चाल’ छापलेली पाहिलेल्या मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये.

अशा काव्याचे भाषांतर करणे किती जिकिरीचे! शब्दक्रम बदलला की आद्याक्षरांची माळ तुटते, वृत्त सुटते आणि बायबलमधील ज्या ओळींचा प्रतिध्वनी कवीला अभिप्रेत असतो, त्या ओळीच वाचकाला माहीत नसतात. उरतो तो अर्थ. तो पोहोचवण्याचा भार राजपूरकरांनी उचलला.

त्यांचा जन्म १८३४ मध्ये मुंबईत झाला. शिक्षण स्कॉटिश मिशनऱ्यांच्या शाळेत झाले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्येच मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले होते. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे उघड आहे. पण त्यांच्याच शाळेतून शिकलेल्या तरुणाने ती विद्या स्वधर्माची उपासना समाजाला समजावून देण्यासाठी खर्ची घातली. इतिहासाचा हा विनोद विल्सनसाहेबांना कितपत रुचला असता, कोण जाणे.

१८५६ मध्ये राजपूरकर मुंबईच्या ‘डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन’मध्ये शिक्षक झाले आणि १८६१ मध्ये मुख्याध्यापक. या पदावर ते सुमारे चाळीस वर्षे राहिले. ही नोकरी वरवर दिसते तेवढी साधी नव्हती. बगदादी ज्यू श्रीमंत व्यापारी, अरबी बोलणारे; बेने इस्रायलींच्या ज्यूपणाविषयी त्यांच्यात शंका घेणारे पुष्कळ होते. १८३६ मध्येच मुंबईतील सामाईक दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालावी, अशी मागणी बगदादी मंडळींनी सरकारकडे केली होती. ज्यांच्यासाठी मेल्यानंतरही वेगळी जागा हवी होती, त्यांच्यापैकीच एकाकडे बगदादी मुलांच्या शाळेची सूत्रे आली. विद्वत्तेपुढे भिंत टिकली नाही, असे म्हणण्याचा मोह होतो; पण भिंत टिकली. पुण्यात दोन मंदिरे वेगळी आहेत, ती याच इतिहासामुळे. १८७१ मध्ये मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले.

शाळेचे काम सांभाळून त्यांनी भाषांतराचा व्याप चालवला. ज्यू उपासनेतील वीसहून अधिक ग्रंथ त्यांनी मराठीत आणले. वीस हा आकडा वाचताना सहज वाटतो. परंतु हिब्रू-मराठी कोशाची परंपरा नाही, पारिभाषिक शब्द ठरलेले नाहीत, मराठी गद्यच अजून घडते आहे, अशा काळात एकट्या शिक्षकाने ते केले, हे लक्षात घ्यावे लागते. ‘देव’, ‘पाप’, ‘प्रायश्चित्त’, ‘पवित्र’ या प्रत्येक मराठी शब्दामागे आधीच एक वेगळे धर्मविश्व उभे असते. ज्यू आशयासाठी तेच वापरणे, हीच मोठी कसोटी.

या उद्योगात ते एकटे नव्हते आणि मुंबईपुरता तो मर्यादितही नव्हता. १८७४ मध्ये पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात एक हिब्रू-मराठी ‘हग्गादा’ छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री वाचायचे हे पुस्तक. मोझेस जेकब तळकर आणि एरन डॅनियल तळकर यांनी ते प्रसिद्ध केले. तिच्यातील चित्रांत बेखमीर भाकरीच्या तयारीत गुंतलेल्या स्त्रिया मराठी पद्धतीचे लुगडे नेसलेल्या दिसतात. ब्राह्मण मुद्रकाच्या छापखान्यातून मिसर देशातून सुटकेची कथा बाहेर पडावी, हे त्या काळच्या पुण्याचे चित्र आपण फारसे आठवत नाही.

१८८०च्या सुमारास मुंबईत बेने इस्रायली कीर्तन सुरू झाले. हिंदू कीर्तनाचा घाट, साकी-दिंडीच्या चाली आणि आख्यान मात्र अब्राहाम, मोशे यांचे. डेव्हिड हाइम दिवेकर, बेंजामिन शिमशोन अष्टमकर ही त्यातील अग्रणी नावे. कीर्तन लोकप्रिय झाले, हे स्वाभाविकच. स्त्रियांना आणि अल्पशिक्षितांनाही ते कळत होते. भाषांतरित प्रार्थनाग्रंथाला अशी दाद मिळत नाही. मंदिरात पद हिब्रूतच गायले जाणार. मराठी पान ते नुसते समजून घेण्यासाठी. तरीही कीर्तनकार आणि भाषांतरकार एकाच तहानेला उत्तर देत होते, असे मला वाटते.

त्याचे एक उदाहरण दारफाळणीच्या सणातच आहे. हा ज्यूंचा ‘योम किप्पूर’, कडक उपवासाचा आणि क्षमायाचनेचा दिवस. कोकणात दारे बंद करून, जगाशी संपर्क तोडून तो पाळला जाई. म्हणून हे नाव. दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेला हिब्रूत ‘नेइला’ म्हणतात आणि तिचाही अर्थ बंद करणे, दार मिटणे. त्या वेळी सेफार्दी परंपरेत मोझेस इब्न एझ्रा यांचे ‘एल नोरा अलिला’ हे पद गातात. स्वर्गाची दारे मिटण्यापूर्वी क्षमा मिळावी, ही त्यातील याचना. हिब्रू विसरलेल्या कोकणातल्या तेल्यांनी सणाच्या नावात दार मात्र जपून ठेवले होते. मराठी अर्थ हाती आल्यावर त्या पदातील दार आणि आजीच्या तोंडचे दार हे जुळे शब्द निघाले.

राजपूरकरांचे १९०५ मध्ये निधन झाले. १९४८ नंतर बेने इस्रायलींपैकी बहुसंख्य इस्रायलला गेले. तेथे हिब्रू हीच रोजची बोली असल्याने नातवंडांना प्रार्थनेचे शब्द आपोआप कळतात. अडते ते शेजारच्या पानावरच्या मराठीशी. महाराष्ट्रात राहिलेल्या ज्यूंना राज्य सरकारने २०१६ मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला.