नामदार गोखले : गणिताचे एक शिक्षक

आपल्या ज्ञातीतील थोर पुरुषांची नामावळी करू लागलो, म्हणजे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव आरंभीच येते. भारत सेवक समाजाचे संस्थापक, महात्मा गांधींनी गुरुस्थानी मानलेले मुत्सद्दी आणि कायदेकौन्सिलातील अभ्यासू वक्ते म्हणून ते सर्वांस परिचित आहेत. परंतु ऐन उमेदीची सुमारे सतरा वर्षे त्यांनी विद्यार्थ्यांस शिकविण्यात घालविली, आणि त्या अध्यापनात गणिताचा वाटा मोठा होता, याचे स्मरण क्वचितच केले जाते. शाळेतील गणिताच्या उत्तराविषयी त्यांनी दाखविलेल्या प्रामाणिकपणाची गोष्ट प्रत्येकाने लहानपणी ऐकलेली असल्यामुळे तिची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. त्यापुढील गोखले आम्हांस येथे सांगावयाचे आहेत.

त्यांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक येथे झाला. घरची स्थिती बेताचीच होती. १८७९ साली वडील कृष्णराव निवर्तले, तेव्हा गोपाळरावांचे वय अवघे तेरा वर्षांचे होते. वडील बंधू गोविंदराव यांनी स्वतःचे शिक्षण सोडून कागल येथे दरमहा पंधरा रुपयांची नोकरी पत्करली आणि त्यांपैकी आठ रुपये ते कोल्हापुरास शिकणाऱ्या धाकट्या भावास पाठवू लागले. पंधरांतून आठ गेले की सात उरतात. त्या सातांत सबंध घर चालवावयाचे, हे गणित कोणत्याही पुस्तकातील उदाहरणापेक्षा कठीण होते. पुढे कॉलेजच्या खर्चासाठी वहिनींनी आपले दागिनेही पुढे केले. १८८१ साली गोपाळराव मॅट्रिक झाले आणि १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले.

पुढच्याच वर्षी ते पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये दरमहा पस्तीस रुपयांवर शिक्षक झाले. मिळकतीस जोड म्हणून, सरकारी नोकरीच्या परीक्षेस बसणाऱ्यांस ते शाळेबाहेर शिकवीत. १८८६ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासदत्व पत्करून त्यांनी अल्प वेतनावर दीर्घकाळ सेवा करण्याचे व्रत घेतले. फर्ग्युसन कॉलेजात गरज पडेल तसे त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र हे विषय शिकविले. कोणताही विषय अंगावर आला तरी पूर्ण तयारी केल्याशिवाय वर्गात पाऊल टाकावयाचे नाही, हा त्यांचा बाणा होता.

याच काळात सहकारी शिक्षक ना. ज. बापट यांच्या साहाय्याने त्यांनी शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक सिद्ध केले. ते प्रसिद्ध करण्यास उत्तेजन देणाऱ्यांत स्वतः गणिताचे निष्णात शिक्षक असलेले लोकमान्य टिळक होते. पुढे या दोघांत तीव्र मतभेद झाले. म्हणूनच या स्नेहाची नोंद आम्हांस अगत्याची वाटते. बारा पैंचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया, असा तो काळ होता. व्याज, त्रैराशिक, नफातोटा यांची उदाहरणे सोडविताना मुलांची दमछाक होई. हे पुस्तक पुढे मॅकमिलन कंपनीने प्रसिद्ध केले, देशभरच्या शाळांतून चालले आणि देशी भाषांतही गेले. १९०२ साली गोखले कॉलेजातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांस दरमहा अवघे तीस रुपये निवृत्तिवेतन मिळाले. पुस्तकाच्या उत्पन्नाची जोड होती, म्हणूनच त्यांस निर्वेधपणे लोकसेवेस वाहून घेता आले.

वर्गातील ही शिस्त त्यांनी राजसभेतही सोडली नाही. २६ मार्च १९०२ रोजी मध्यवर्ती कायदेकौन्सिलात अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. सुमारे सात कोटींच्या शिलकेबद्दल सरकार समाधान मानीत असता, ती शिलक प्रजेच्या भरभराटीची खूण नसून रुपयाचा हुंडणावळीचा भाव चढविल्याचा आणि जड करांचा परिणाम आहे, हे त्यांनी आकड्यांनीच सिद्ध केले. मिठावरील कर कमी करावा अशी त्यांची मागणी होती. १९०३ साली तो मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला.

१९११ साली त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस टप्प्याटप्प्याने शिक्षण सक्तीचे करावे, एवढीच त्यात मागणी होती. मार्च १९१२ मध्ये १३ विरुद्ध ३८ मतांनी ते फेटाळले गेले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे देहावसान झाले, तेव्हा वय पन्नाशीलाही पोचले नव्हते.

अशा पुरुषाचा वारसा सांगताना आपण कोणती जबाबदारी अंगावर घेतो, याचा विचार व्हावयास हवा. १९०३ साली धारवाडच्या सामाजिक परिषदेत गोखल्यांनी अस्पृश्य मानलेल्या बांधवांच्या उन्नतीचा पुरस्कार केला, आणि त्यांच्या विधेयकाने शाळेचे दार कोणा एका जातीसाठी उघडावयाचे नव्हते. आजही अनेक मुले दहावीच्या गणितात अडखळतात. ज्यांस खाजगी शिकवणीचे शुल्क परवडते, ती सावरतात. ज्यांस ते परवडत नाही, ती मागे राहतात. आपल्या मंडळींत गणित जाणणारे निवृत्त शिक्षक, अभियंते आणि हिशेबनीस थोडे नाहीत. त्यांनी आठवड्याचे दोन तास दिले, तर विनाशुल्क वर्ग सहज चालेल. मात्र त्या वर्गात आडनाव विचारून बसावयास जागा देऊ नये, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. तसे केल्यास नामदारांचे नाव घेण्याचा आपला अधिकारच उणावेल.

गोविंदरावांच्या आठ रुपयांवर एक मुलगा शिकला आणि त्याने देशाचा हिशेब मांडला. त्या बंधूंच्या त्यागास आणि नामदारांच्या पुण्यस्मृतीस आमचे विनम्र अभिवादन.