हिरव्या रेषेचा साक्षीदार : कावसजी दादाभाई नायगामवाला

नागपूर जिल्ह्यातील काटोल परिसरात २२ मे २०१२ रोजी भर दुपारी आकाशातून दगड पडले. मोठा आवाज झाला, लोक घराबाहेर धावले आणि पुढचे काही दिवस शेतांतून काळसर कवचाचे तुकडे गोळा होत राहिले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या शास्त्रज्ञांनी ते तपासले आणि ते अशनी, म्हणजेच जमिनीपर्यंत पोहोचलेल्या उल्का असल्याचे स्पष्ट झाले. बुलडाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तर अशाच, पण कितीतरी मोठ्या आघाताची खूण म्हणून जगभर ओळखले जाते. विदर्भाच्या मातीला आकाशातल्या दगडांचे असे अप्रूप नवे नाही. मात्र एके काळी विज्ञानजगतातील एका मातब्बर पंडिताने असा सिद्धान्त मांडला होता, की तारे, धूमकेतू, तेजोमेघ, किंबहुना सारे विश्वच या दगडांपासून घडले आहे. त्या सिद्धान्ताची परीक्षा घेणाऱ्या मोजक्या निरीक्षकांमध्ये पुण्यातील एक पारशी प्राध्यापक होते. त्यांचे नाव कावसजी दादाभाई नायगामवाला.

नायगामवाला यांचा जन्म १८५७ सालचा. मुंबई विद्यापीठाची स्थापनाही त्याच वर्षीची. नव्या विद्यापीठीय शिक्षणाने जी पहिली पिढी घडवली, तिचे ते प्रतिनिधी होत. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात ते भौतिकशास्त्र शिकवू लागले, तेव्हा आपल्याकडे खगोलशास्त्र म्हणजे प्रामुख्याने गणित होते. ग्रहांची स्थाने, ग्रहणांच्या वेळा, पंचांगाची शुद्धी हे त्याचे विषय. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या विद्वानांनी या क्षेत्रात मोलाचे काम केले होते. मद्रासची जुनी वेधशाळाही ताऱ्यांची स्थाने मोजण्यातच गुंतलेली होती. तारा कोठे आहे हे सांगता येत होते. तो कशाचा बनला आहे हा प्रश्न मात्र या परंपरेच्या कक्षेत येत नव्हता.

युरोपात या प्रश्नाचे दार १८५९ साली किरखॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी उघडले होते. लोलकातून प्रकाश पाठवला की त्याचे रंग पसरतात आणि त्या वर्णपटात रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. प्रयोगशाळेत सोडियम जाळले किंवा तो सूर्यावर असला, तरी त्याची पिवळी रेषा तीच. कोट्यवधी मैलांवरच्या पदार्थाची ओळख पटवण्याचे हे साधन हाती येताच खगोलशास्त्राची एक नवी शाखा जन्माला आली. नायगामवाला या शाखेकडे ओढले गेले आणि भारतात तिची प्रयोगशाळा उभारण्याचा ध्यास त्यांनी घेतला.

ध्यासाला पैसा लागतो. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांच्याकडून त्यांनी पाच हजार रुपयांची देणगी मिळवली. मुंबई सरकारने तेवढीच रक्कम घातली. दहा हजार रुपये ही त्या काळी लहान रक्कम नव्हती. पण मूळ योजनाही कॉलेजातील वर्णपटाच्या प्रयोगशाळेपुरतीच होती. उपकरणांच्या खरेदीसाठी नायगामवाला १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथील खगोलशास्त्रज्ञांशी झालेल्या विचारविनिमयानंतर प्रयोगशाळेची कल्पना मागे पडली आणि आकाशाचे वर्णपट घेणाऱ्या स्वतंत्र वेधशाळेची योजना पुढे आली. मुंबईच्या दमट हवेपेक्षा पुण्याचे आकाश या कामास अधिक अनुकूल होते. १८८५ साली नायगामवाला यांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली. पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलेली संस्था ती हीच. १८८८ साली तिच्या आवारात महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. आधुनिक खगोलभौतिकीला वाहिलेली ही भारतातील पहिली वेधशाळा मानली जाते. डब्लिनच्या ग्रब कंपनीची वीस इंची परावर्तक दुर्बीण हे तिचे वैभव ठरले. कित्येक दशके भारतात तिच्याहून मोठी दुर्बीण नव्हती.

याच सुमारास इंग्लंडमध्ये सर नॉर्मन लॉकियर यांचा उल्कासिद्धान्त गाजत होता. लॉकियर हे नाव मराठी वाचकाला अपरिचित नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरचे साहेबाचे कट्टे त्यांच्याच स्मृतीशी जोडलेले आहेत आणि दरवर्षी १८ ऑगस्टला तेथे हेलियमचा दिवस साजरा होतो. मात्र १८६८ साली सूर्यप्रकाशातील हेलियमची पिवळी रेषा लॉकियर यांनी विजयदुर्गावरून पाहिली, ही समजूत खरी नाही. त्या वर्षी ते इंग्लंडमध्येच होते आणि ऑक्टोबर महिन्यात, ग्रहण नसताना, त्यांनी तेथूनच ती रेषा टिपली. विजयदुर्गाला ते आले तीस वर्षांनंतर. त्याकडे पुढे वळूच.

लॉकियर यांचा अधिकार मोठा होता. नेचर या नियतकालिकाचे ते संस्थापक संपादक. लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील सौर भौतिकीचे कार्य त्यांच्या हाती होते. अशनींचे तुकडे तापवून त्यांनी त्यांचे वर्णपट घेतले आणि आकाशस्थ ज्योतींच्या वर्णपटांशी ते ताडून पाहिले. त्यातून त्यांनी निष्कर्ष काढला, की आकाशातील तेजोमेघ म्हणजे एकमेकांवर आदळणाऱ्या असंख्य उल्कांचे थवे होत. टकरींच्या उष्णतेने त्यांतील द्रव्याची वाफ होते आणि ती प्रकाशते. हेच थवे आकसत जाऊन तारे बनतात. १८९० साली त्यांनी हा सिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला.

या भव्य कल्पनेचा एक महत्त्वाचा आधार अगदी बारीक होता : तेजोमेघांच्या वर्णपटातील एक हिरवी रेषा. ही रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याशी जुळत नव्हती. लॉकियर यांच्या मते ती मॅग्नेशियमची खूण होती आणि मॅग्नेशियम तर अशनींमध्ये विपुल असते. अडचण अशी, की मॅग्नेशियमची ती खूण एक सुटी रेषा नसून पट्टा असतो. त्याची एक कड धारदार असते आणि दुसऱ्या बाजूला तो हळूहळू विरत जातो. म्हणजे कसोटी स्पष्ट होती. तेजोमेघातील हिरवी रेषा एका बाजूने विरत असेल, तर लॉकियर यांच्या म्हणण्याला बळ मिळेल. ती दोन्ही बाजूंनी सारखीच रेखीव असेल, तर उल्कासिद्धान्ताचा हा आधार निखळेल. इंग्लंडचे ज्येष्ठ वर्णपटतज्ज्ञ विल्यम हगिन्स यांनी लॉकियर यांना विरोध केला होता आणि वाद विकोपाला गेला होता.

हिवाळ्याच्या रात्री मृग नक्षत्रात जो अंधूक तेजोमेघ दिसतो, तो या परीक्षेसाठी सर्वांत सोयीचा. पुण्याच्या निरभ्र आकाशात तो लंडनपेक्षा कितीतरी उंच चढतो. नायगामवाला यांनी वर्णपटदर्शक त्याच्यावर रोखला. उपकरणाची फट रुंद-अरुंद केली, निरीक्षणाच्या परिस्थिती बदलून पाहिल्या. रेषा प्रत्येक वेळी रेखीवच दिसली. एका बाजूला विरणारा पट्टा त्यांना आढळला नाही. १८९१ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला.

हे निरीक्षण त्यांच्या एकट्याचे नव्हते. अमेरिकेतील लिक वेधशाळेत जेम्स कीलर यांनीही त्याच काळात अत्यंत अचूक मापने करून ती रेषा मॅग्नेशियमची नसल्याचे दाखवले. तरीही पुण्याच्या निष्कर्षाचे मोल कमी होत नाही. वसाहतीतील एका कॉलेजातल्या भारतीय प्राध्यापकाने विलायतेतील सर्वांत वजनदार संपादकाच्या लाडक्या सिद्धान्ताविरुद्ध साक्ष द्यावी, ही गोष्ट त्या काळी सोपी नव्हती. त्यांच्या वेधशाळेला मान्यता, उपकरणे आणि सहकार्य मिळायचे ते याच वर्तुळातून. नायगामवाला यांनी विद्वानांच्या भांडणात पक्ष घेतला नाही. डोळ्यांना जे दिसले ते त्यांनी नोंदवले.

त्या हिरव्या रेषेचे कोडे सुटायला १९२७ साल उजाडावे लागले. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ आयरा बोवेन यांनी दाखवून दिले, की ती रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. तेजोमेघातील वायू इतका विरळ असतो, की पृथ्वीवरच्या प्रयोगशाळेत सहसा न दिसणारी ही रेषा तेथे तेजाने झळकते. नायगामवाला तेव्हा सत्तरीत होते. छत्तीस वर्षांपूर्वीच्या वादात त्यांची नोंद योग्य बाजूची ठरली होती. लॉकियर यांच्या कल्पनेतील एक अंश मात्र वेगळ्या रूपाने टिकला. तारे दगडांच्या टकरींतून पेटत नाहीत. पण पृथ्वीसारखे ग्रह लहान-मोठ्या खडकाळ पिंडांच्या टकरींतून आणि मीलनातून घडले, असे आजचे शास्त्र मानते. काटोलला पडलेल्या दगडांसारखे अशनी हे त्याच बांधकामातले उरलेले साहित्य होय.

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्राच्या भूमीवर एक अपूर्व योग जुळून आला. खग्रास सूर्यग्रहणाची छाया कोकणात शिरून देश आणि विदर्भ ओलांडत ईशान्येकडे गेली. आजच्या गोंदिया जिल्ह्याच्या जवळूनच हा पट्टा पुढे मध्य भारतात शिरला. लॉकियर विजयदुर्गावर आपली उपकरणे घेऊन सज्ज होते. ब्रिटिश युद्धनौकेचे खलाशी त्यांच्या मदतीला होते. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथे ब्रिटिश निरीक्षकांची तुकडी होती. वऱ्हाडातील तळणी येथे हौशी खगोल अभ्यासकांचा तळ पडला होता आणि त्यांत मॉन्डर दांपत्याबरोबर जॉन एव्हरशेड नावाचे एक इंग्रज गृहस्थ होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे लिक वेधशाळेचे अमेरिकन पथक उतरले होते आणि त्याच जेऊरला नायगामवाला यांनी आपली छावणी ठोकली होती. परक्यांच्या मोहिमांच्या गर्दीत भारतीय नेतृत्वाखालील ही मोहीम उठून दिसत होती. सुमारे दोन मिनिटांच्या खग्रास अवस्थेत सूर्याच्या प्रभामंडलाची छायाचित्रे आणि वर्णपट टिपायचे होते. महिनोन्महिन्यांची तयारी आणि हाती दोन मिनिटे, असा तो मामला. मोहीम यशस्वी झाली आणि तिचा सविस्तर अहवाल १९०२ साली वेधशाळेने प्रसिद्ध केला.

यानंतरचा इतिहास मात्र चटका लावणारा आहे. वेधशाळा नायगामवाला यांच्या हिमतीवर चालली होती. उदार आश्रयदाते तख्तसिंहजी १८९६ सालीच निवर्तले होते. सरकारचे लक्ष दक्षिणेत कोडाईकनाल येथे उभारलेल्या नव्या सौर वेधशाळेकडे वळले होते. कॉलेजात त्यांच्या मागे हे काम पुढे नेईल अशी व्यवस्था झाली नाही. १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही संपुष्टात आली. उपकरणे कोडाईकनालला रवाना झाली. तेथील संचालक होते जॉन एव्हरशेड; चौदा वर्षांपूर्वी वऱ्हाडात हौशी निरीक्षक म्हणून आलेले तेच गृहस्थ. एका हौशी माणसाच्या मागे भक्कम संस्था उभी राहिली आणि एका व्यावसायिक शास्त्रज्ञाची संस्था त्याच्या निवृत्तीबरोबर मिटली, असा हा विरोधाभास. पुण्याची वीस इंची दुर्बीण पुढे भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली गेली. देणगी देणाऱ्याचे नाव टिकले, ती मिळवणाऱ्याचे मागे पडले. नायगामवाला यांचे निधन १९३८ साली झाले.

वर्णपटाची जी विद्या त्यांनी पुण्यात रुजवण्याचा प्रयत्न केला, ती आज ग्रह-उपग्रहांच्या पृष्ठभागाचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येक यानाबरोबर प्रवास करते. २००८ साली निघालेल्या चांद्रयान-१ वरील उपकरणाने चंद्रभूमीवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट तपासला आणि तेथे पाण्याच्या अस्तित्वाच्या खुणा सापडल्या. अशनींच्या वर्णपटाची लघुग्रहांच्या वर्णपटाशी तुलना करून कोणता दगड कोठून आला असावा याचा माग काढला जातो. लॉकियर यांनी हीच तुलना घाईने केली होती. तिला शिस्त लागली ती नायगामवाला यांच्यासारख्या निरीक्षकांच्या चिकाटीमुळे.

पुण्यात खगोलशास्त्राला पुन्हा बहर आला. १९८८ साली, म्हणजे तख्तसिंहजी वेधशाळेनंतर बरोबर शंभर वर्षांनी, तेथे आयुकाची स्थापना झाली आणि २००६ साली जुन्नरजवळ गिरवली येथे तिची दोन मीटर व्यासाची दुर्बीण आकाशाकडे वळली. पण १९१२ साली तुटलेला धागा जोडायला किती काळ गेला, याचा हिशेब आपण सहसा मांडत नाही. एखादा माणूस देणगी मिळवतो, जागा शोधतो, दुर्बीण उभारतो आणि जगाच्या वादात निर्भीड साक्षही देतो. त्याच्यामागे दुसरा माणूस तयार करण्याचे काम मात्र एकट्याच्या आवाक्यातले नसते. ते समाजाला आणि शासनाला करावे लागते. ते न झाल्यामुळे पुण्याची दुर्बीण पुण्याबाहेर गेली आणि मृगातल्या तेजोमेघाकडे पाहणारा डोळा मिटला. नायगामवाला यांच्या चरित्राचे सर्वांत मोठे सांगणे तेच आहे.