एका मिळकतीचे दोन हक्कदार : प्रा. एडविन सेलिग्मन

प्रा. एडविन सेलिग्मन हे नाव मराठी वाचकाला परिचित आहे ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कोलंबिया विद्यापीठातील गुरू म्हणून. बाबासाहेबांच्या प्रत्येक चरित्रात हे नाव एक-दोनदा येते आणि मागे पडते. या गुरूचे स्वतःचे कार्य काय होते, याकडे मात्र आपले सहसा लक्ष जात नाही. परदेशी कंपनीचे समभाग बाळगणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गुंतवणूकदाराला लाभांश हाती पडण्यापूर्वीच त्यातून परक्या देशाचा कर कापला गेल्याचे दिसते. करारापेक्षा जास्त कापलेली रक्कम परत मागण्याचा हक्क त्याला असतो. हा हक्क ज्या विचारातून पुढे आला, त्याच्या पायाभरणीत सेलिग्मन यांचा मोठा वाटा आहे.

एडविन रॉबर्ट अँडरसन सेलिग्मन यांचा जन्म २५ एप्रिल १८६१ रोजी न्यूयॉर्कमध्ये झाला. अमेरिकेच्या यादवी युद्धाला त्याच महिन्यात तोंड फुटले होते. फोर्ट समटर हा किल्ला लढवणारे मेजर रॉबर्ट अँडरसन यांचे नाव वडिलांनी मुलाला दिले. वडील जोसेफ सेलिग्मन हे बव्हेरियातून आलेले ज्यू. गावोगाव फिरून किरकोळ माल विकणाऱ्या या माणसाने पुढे भावांच्या साथीने न्यूयॉर्कमध्ये पेढी उभी केली. युद्धकाळात उत्तरेच्या सरकारचे कर्जरोखे युरोपात खपवण्यात या पेढीचा सहभाग होता. भांडवल एका देशाचे, ते गुंतलेले दुसऱ्या देशात आणि त्याचे व्याज समुद्रापार जाणारे, हा व्यवहार एडविन यांच्या घरातलाच होता.

घरात संपत्ती होती, तरी अपमान चुकला नाही. १८७७ साली साराटोगा येथील ग्रँड युनियन हॉटेलने जोसेफ सेलिग्मन यांना केवळ ज्यू असल्यामुळे प्रवेश नाकारला. या प्रकरणाचा देशभर गाजावाजा झाला. त्या वेळी एडविन सोळा वर्षांचे होते. पुढे १९११ साली कृष्णवर्णीय नागरिकांच्या शहरी जीवनाच्या प्रश्नांसाठी जी संस्था आकाराला आली आणि जी नॅशनल अर्बन लीग या नावाने ओळखली जाते, तिचे पहिले अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. दोन वर्षांनी त्यांच्या वर्गात येऊन बसलेल्या भारतीय विद्यार्थ्याचे दुःख समजू शकेल असा हा अध्यापक होता, असे म्हणण्यास जागा आहे.

१८७९ साली कोलंबियाची पदवी घेतल्यावर एडविन यांनी बर्लिन, हायडेलबर्ग, जिनिव्हा व पॅरिस येथे अध्ययन केले. वडिलोपार्जित पेढीची वाट न धरता १८८५ साली ते कोलंबियातच अध्यापक झाले. १८९१ मध्ये प्राध्यापकपद मिळाले आणि १९३१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी ते विद्यापीठ सोडले नाही. अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या स्थापनेत ते होते व पुढे तिचे अध्यक्षही झाले. त्यांच्या अभ्यासाचा मुख्य विषय मात्र एकच राहिला : कर. कर कोणावर बसवला जातो आणि त्याचा भार अखेर कोणाच्या खांद्यावर पडतो, वाढत्या उत्पन्नावर वाढता कर न्याय्य आहे काय, या प्रश्नांवर त्यांनी १८९० च्या दशकात लिहिलेले ग्रंथ दीर्घकाळ प्रमाण मानले गेले.

१९११ साली त्यांचा प्राप्तिकरावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. अमेरिकेत तेव्हा प्राप्तिकराला घटनेचा आधार नव्हता. या ग्रंथात त्यांनी इंग्लंडच्या धर्तीवर उत्पन्नाच्या मुळाशीच कर कापून घेण्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला. करदात्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहण्यापेक्षा जो पैसे देतो त्यानेच कर कापून सरकारजमा करावा, असा हा विचार होता. १९१३ साली घटनादुरुस्ती होऊन प्राप्तिकराचा कायदा झाला, तेव्हा या पद्धतीला त्यात स्थान मिळाले. ती तेथे १९१७ पर्यंतच टिकली, परंतु तिची उपयुक्तता जगभरच्या सरकारांनी ओळखली होती. आपल्याकडील टीडीएस हे तिचेच रूप होय.

योगायोग असा, की त्याच १९१३ सालच्या जुलैमध्ये बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कला पोहोचले. सार्वजनिक अर्थव्यवहार हा विषय त्यांनी सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली अभ्यासला. १९१६ साली ते लंडनला निघाले, तेव्हा लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील प्रा. हर्बर्ट फॉक्सवेल यांना सेलिग्मन यांनी त्यांच्याविषयी शिफारसपत्र लिहिले. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील बाबासाहेबांचा प्रबंध १९२५ साली लंडनमध्ये ग्रंथरूपाने निघाला, त्याची प्रस्तावनाही गुरूचीच होती. या विषयाच्या मूळ तत्त्वांचा इतका तपशीलवार अभ्यास आपल्या पाहण्यात नाही, असा अभिप्राय त्यांनी तीत नोंदवला. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत एकाच प्रजेकडून महसूल घेतात, तेव्हा कोणता वाटा कोणाचा, हा त्या ग्रंथाचा प्रश्न होता. शिष्य हा प्रश्न एका साम्राज्याच्या आत तपासत होता, त्याच काळात गुरूसमोर तो जगाच्या पातळीवर येऊन ठेपला होता.

त्याचे कारण पहिले महायुद्ध. युद्धखर्चामुळे कराचे दर कधी नव्हे इतके चढले. ब्रिटनमध्ये प्राप्तिकराचा मूळ दर पौंडाला सहा शिलिंग, म्हणजे ३० टक्के झाला. अमेरिकेत सर्वोच्च दर १९१८ साली ७७ टक्क्यांवर गेला. दर कमी होते तोवर दोन देशांनी एकाच मिळकतीवर कर घेतला तरी ते सोसण्यासारखे होते. आता मात्र परदेशातील गुंतवणुकीचे उत्पन्न जवळजवळ नाहीसे होण्याची पाळी आली. तेव्हा राष्ट्रसंघाने हा प्रश्न चार अर्थशास्त्रज्ञांकडे सोपवला. रॉटरडॅमचे ब्रुइन्स, तुरिनचे लुइजी आयनाउदी, लंडनचे सर जोसाया स्टॅम्प आणि न्यूयॉर्कचे सेलिग्मन. यांतील आयनाउदी पुढे इटलीचे राष्ट्राध्यक्ष झाले. अमेरिका राष्ट्रसंघाची सदस्य नव्हती, तरीही तिचा हा प्राध्यापक या कामात सहभागी झाला. एप्रिल १९२३ मध्ये या चौघांचा अहवाल प्रसिद्ध झाला.

अहवालाचा गाभा साध्या शब्दांत सांगता येतो. माणसाची आर्थिक बांधिलकी एकाच देशाशी नसते. संपत्ती निर्माण कोठे झाली, ती आहे कोठे, तिच्यावरील हक्क कोणत्या कायद्याने बजावता येतात आणि तिचा उपभोग घेणारा राहतो कोठे, अशा चार कसोट्या लावून कोणत्या देशाचा हक्क किती ते ठरवावे. जमिनीच्या बाबतीत ती जेथे आहे त्या देशाचे पारडे जड. समभाग व रोख्यांच्या बाबतीत मात्र समितीने भागधारक राहतो त्या देशाकडे कौल दिला. परस्परांच्या रहिवाशांना उगमाच्या देशाने सूट द्यावी, ही पद्धत तिला तत्त्वतः अधिक पसंत होती.

येथेच खरा वाद होता. ज्या देशांचे नागरिक बाहेर भांडवल गुंतवतात, त्यांना हा कौल सोयीचा. ज्यांच्या भूमीवर परक्यांचे भांडवल राबते, त्यांच्या तिजोरीला मात्र तो तोट्याचा. हिंदुस्थान दुसऱ्या गटात होता. १९२२ च्या भारतीय प्राप्तिकर कायद्याच्या ४९ व्या कलमानुसार, ज्याच्या उत्पन्नावर ब्रिटनमध्येही कर बसला आहे अशा करदात्याला भारतीय कराच्या काही भागाचा परतावा मिळत असे. इंग्लंडातील भागधारकाला दुहेरी करातून मिळणाऱ्या दिलाशाचा काही भार असा येथील तिजोरीवर पडे. न्याय व्यक्तीला मिळत होता, पण त्याची किंमत कोणत्या देशाने मोजावी हे ठरवण्याचे स्वातंत्र्य आपल्याला नव्हते.

पुढे सरकारी तज्ज्ञांनी चौघा अर्थशास्त्रज्ञांचा कौल जसाच्या तसा स्वीकारला नाही. १९२८ साली तयार झालेल्या नमुना करारांनी देशादेशांतील द्विपक्षीय तडजोडीचा मार्ग दाखवला आणि त्याच वर्षी सेलिग्मन यांनी या विषयावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आजच्या करारांत जी घडी बसली आहे ती अशी : लाभांश देणाऱ्या देशाने ठरावीक मर्यादेपर्यंतच कर कापावा आणि राहत्या देशाने त्या कराची वजावट द्यावी. भारताने स्वातंत्र्यानंतर लगेच, १९४७ सालीच, पाकिस्तानशी असा करार केला. अमेरिकेशी करार होण्यास १९८९ व स्वित्झर्लंडशी होण्यास १९९४ साल उजाडले.

या तत्त्वाचा अर्थ आकड्यांत पाहू. स्वित्झर्लंडमध्ये लाभांशावर ३५ टक्के कर कापला जातो. भारताशी झालेल्या करारानुसार तेथील हक्क १० टक्क्यांचा. हजार रुपयांच्या लाभांशातून ३५० रुपये कापले गेले, तर त्यातील २५० रुपये परत मागता येतात. तीस टक्क्यांच्या टप्प्यातील भारतीय करदात्यास, अधिभार बाजूला ठेवला तर, येथे ३०० रुपये कर लागतो व त्यातून करारातील १०० रुपयांची वजावट मिळते. परतावा मिळाला तर एकूण कर ३०० रुपये. मागितलाच नाही तर ३५० अधिक २००, म्हणजे ५५० रुपये. कारण करारापेक्षा जास्त कापलेल्या रकमेची वजावट येथे सर्वसाधारणपणे मिळत नाही. ती परक्या सरकारकडूनच, आपल्या प्राप्तिकर खात्याचा रहिवासी दाखला जोडून, मुदतीत मागावी लागते. स्वित्झर्लंडसाठी ही मुदत लाभांशाचे कॅलेंडर वर्ष संपल्यापासून तीन वर्षांची आहे. अमेरिकेत साधा दर ३० टक्के व सामान्य भागधारकासाठी कराराचा दर २५ टक्के. तेथे डब्ल्यू-८बेन हा अर्ज आधीच दलालाकडे दिला, तर जास्त कपातच टळते. जर्मनीत वा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबाच्या बाबतीत हेच चक्र उलटे फिरते. भारतीय कंपनीच्या लाभांशातून येथे मूळ २० टक्के दराने कर कापला जातो, तर कराराचा दर सर्वसाधारणपणे १० टक्के आहे. तेथील दाखला वेळेवर दिला नाही, तर जास्तीची रक्कम भारतात विवरणपत्र भरून मागावी लागते.

सेलिग्मन यांनी निवृत्तीच्या सुमारास समाजशास्त्रांच्या पंधरा खंडांच्या विश्वकोशाचे प्रमुख संपादकपद सांभाळले. आयुष्यभर जमवलेला आपला अर्थशास्त्रीय ग्रंथसंग्रह त्यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या स्वाधीन केला. १८ जुलै १९३९ रोजी लेक प्लॅसिड येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर दीड महिन्यात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि ज्या राष्ट्रसंघासाठी त्यांनी तो अहवाल लिहिला होता, तो संघही पुढे इतिहासजमा झाला. करारांची पद्धत तेवढी उरली आणि वाढत गेली.

मुळातच कर कापावा, असे सांगणारे सेलिग्मन आणि एका मिळकतीवर दोघांनी पूर्ण हक्क सांगू नये, असे सांगणारे सेलिग्मन, हे एकच होते. पहिल्या विचाराने सरकारचे काम सोपे केले आणि दुसऱ्याने करदात्याला न्यायाचे आश्वासन दिले. या दोहोंतील अंतर मात्र आजही करदात्यालाच, अर्ज आणि दाखल्यांच्या वाटेने, चालून जावे लागते. मोठ्या संस्था त्यासाठी सल्लागार नेमतात. लहान गुंतवणूकदाराचा दावा अनेकदा त्याला माहीत नसल्यामुळेच मुदतबाह्य होतो. करारात लिहिलेला हक्क मागितल्यावाचून मिळत नाही, एवढे भान त्याने ठेवले, तरी कोलंबियातील त्या प्राध्यापकाचे श्रम त्याच्यापुरते सार्थकी लागतील.