फिरत्या शाळेचे जनक

अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९०६ साली खेडोपाडी एक आगळाच गाडा फिरू लागला. खेचरे तो ओढीत असत. त्यात व्यापाऱ्याचा माल नव्हता. नांगर, बी-बियाणे आणि शेतीची अवजारे होती. ज्या शेतकऱ्यांना शाळेपर्यंत जाणे परवडत नव्हते, त्यांच्या बांधावर जणू शाळाच चालून येत होती. ह्या फिरत्या शाळेचे जनक म्हणजे शास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर होत.

कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसूरी राज्यात एका कृष्णवर्णीय गुलाम मातेच्या पोटी झाला. गुलामाच्या मुलाची जन्मतिथी कोण लिहून ठेवणार? ते तान्हे असतानाच दरोडेखोरांनी मायलेकरांना पळवून नेले. मूल परत मिळाले. आई मात्र पुन्हा कधीच दिसली नाही. मालक मोझेस कार्व्हर व त्यांची पत्नी सुझन यांनी त्या पोरक्या मुलाला वाढविले.

जॉर्जला झाडापानांचे विलक्षण वेड होते. परंतु जवळची शाळा केवळ गोऱ्या मुलांसाठी होती. म्हणून तो घर सोडून दूर निओशो गावी गेला. लोकांचे कपडे धुऊन व स्वयंपाक करून त्याने शिक्षण चालविले. पुढे कॅन्सस राज्यातील एका महाविद्यालयाने पत्राने त्याला प्रवेश दिला आणि त्याचा वर्ण पाहताच दारातून परत पाठविले. तरीही त्याने हाय खाल्ली नाही. आयोवा राज्यातील कृषिमहाविद्यालयातून त्याने १८९६ साली उच्च पदवी मिळविली.

त्याच वर्षी कार्व्हर अलाबामातील टस्कीगी संस्थेत शिक्षक म्हणून आले. गुलामगिरी संपून तीस वर्षे लोटली होती. पण जमिनी बहुतांशी गोऱ्यांकडेच होत्या. कृष्णवर्णीय कुळे त्या वाट्याने कसत. बियाणे व धान्य उधारीवर मिळे आणि सुगीचा कापूस कर्जातच जाई. वर्षानुवर्षे कापूसच पेरल्याने जमीन निकस होई, पीक घटे आणि कर्ज वाढे.

महागडे खत ह्या लोकांना कोठून मिळणार? कार्व्हर यांनी कुजलेला पालापाचोळा व दलदलीतील गाळ वापरावयास शिकविले. कापसानंतर चवळी, भुईमूग पेरावा, असा सल्ला दिला. ह्या पिकांच्या मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र जमिनीस मिळवून देतात. शिवाय घरात पोटभर अन्न येते. सोप्या भाषेत त्यांनी अनेक पुस्तिका लिहिल्या. १९१६ च्या पुस्तिकेत भुईमुगाचे १०५ खाद्यप्रकार दिले.

विद्येने जमीन सुपीक झाली, पण अन्याय तेवढ्याने सरला नाही. ज्या कार्व्हरांचे म्हणणे १९२१ साली अमेरिकी संसदेच्या समितीने लक्षपूर्वक ऐकले, त्यांनाच आपल्या राज्यात आगगाडीत गोऱ्यांच्या डब्यात बसण्यास मज्जाव होता. हा भेदभाव कायद्याने मोडण्यास पुढे बराच काळ जावा लागला. तोपर्यंत ते हयात नव्हते.

५ जानेवारी १९४३ रोजी त्यांचे निधन झाले. आयुष्याची शिल्लक त्यांनी संशोधनासाठी देऊन टाकली होती. ज्याला शाळेची दारे बंद झाली, त्यानेच शाळा गरिबांच्या दारी नेली. मुलांनो, आपल्याला मिळालेली विद्या कोणाच्या दारापर्यंत पोहोचते, हा प्रश्न त्यांचे चरित्र आपल्याला विचारते.