डिझेल नावाचा माणूस आणि थंडीतलं इंजिन



आज एका अशा माणसाची ओळख करून घेऊ, ज्याचं आडनाव आपण रोज पेट्रोल पंपावर वाचतो. वर्गात विचारून बघा, डिझेल म्हणजे काय? मुलं सांगतील, ट्रकमध्ये घालतात ते तेल. पण डिझेल हे आधी एका माणसाचं आडनाव होतं आणि मग ते इंजिनाचं नि तेलाचं नाव झालं, हे फार थोड्यांना माहीत असतं. पूर्ण नाव रुडॉल्फ डिझेल.

हा विषय आत्ताच का? आपल्या प्रभादेवीत थंडी म्हणजे फार तर स्वेटर घालायची हौस. पण आपल्या शाळांमध्ये ट्रक आणि टेम्पो चालवणाऱ्या पालकांची मुलं असतात. दादरच्या मार्केटात पहाटे भाजी-फुलं घेऊन येणाऱ्या गाड्या नाशिक, पुण्याकडून निघतात. निफाडसारख्या ठिकाणी थंडीत पारा फार खाली उतरतो. तिथे पहाटे गाडी पटकन सुरू होत नाही, झाली तर पांढरा धूर सोडते आणि ड्रायव्हर ती बराच वेळ उभ्यानेच तापवत बसतो. असं का होतं, याचं उत्तर या माणसाच्या आयुष्यात आहे.

बालपण

रुडॉल्फचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन, बव्हेरियातून तिथे पोटासाठी गेलेले. वडील चामड्याच्या वस्तू आणि पुस्तकबांधणीचं काम करायचे. घरची परिस्थिती बेताचीच. १८७० मध्ये फ्रान्स आणि जर्मन राज्यं यांच्यात युद्ध पेटलं आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावं लागलं. हे कुटुंब लंडनला गेलं. तिथेही हाल. शेवटी बारा वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवलं. ते नातेवाईक गणिताचे शिक्षक होते.

बघा, देश बदलला, घर बदललं, आईबाप दूर. असं मूल आपल्या वर्गात मध्येच येऊन बसलं तर आपण काय म्हणतो? मागे पडेल. हा मुलगा मात्र अभ्यासात पहिला येत गेला. चौदाव्या वर्षी त्याने आईवडिलांना पत्र लिहून कळवलं, की मला इंजिनिअर व्हायचंय.

शिक्षण

आईवडिलांना वाटत होतं, पोराने आता कमवायला लागावं. पण त्याला म्युनिकच्या पॉलिटेक्निकची शिष्यवृत्ती मिळाली आणि तो घरच्यांचं न ऐकता तिकडे गेला. तिथे त्याला कार्ल फॉन लिंडे हे गुरू भेटले. बर्फ तयार करणाऱ्या, म्हणजे शीतकरणाच्या यंत्रांचे ते मोठे जाणकार. वाफेच्या इंजिनात जेवढा कोळसा जाळतो, त्यातली साधारण दहा टक्के किंवा त्याहूनही कमी उष्णता कामाला येते, बाकी वाया जाते, ही गोष्ट लिंडेंच्या तासाला रुडॉल्फच्या मनात पक्की बसली. एवढी नासाडी थांबवता येईल का, हाच त्याचा आयुष्यभराचा प्रश्न झाला.

१८७९ मध्ये ऐन परीक्षेच्या वेळी त्याला टायफॉइड झाला आणि परीक्षा हुकली. मधल्या काळात स्वित्झर्लंडच्या कारखान्यात त्याने हाताने काम शिकून घेतलं आणि १८८० मध्ये परीक्षा देऊन तो उत्तम गुणांनी पास झाला. पुढे लिंडेंच्याच बर्फाच्या यंत्रांचं काम करत तो पॅरिसला आणि नंतर बर्लिनला राहिला. मधल्या काळात अमोनियाच्या वाफेवर इंजिन चालवायचा प्रयत्न करताना स्फोट झाला आणि त्याला बरेच दिवस अंथरुणात काढावे लागले.

कल्पना काय होती?

ही कल्पना मुलांना समजावणं अगदी सोपं आहे. सायकलचा पंप घ्या. पुढचं तोंड बोटाने घट्ट दाबा आणि दहा-पंधरा वेळा जोरात हवा मारा. पंपाच्या खालच्या टोकाला हात लावा. गरम लागेल. थोडी गरमी घासण्याने येते, पण हवा दाबली की ती स्वतःच तापते. ऑग्सबर्गच्या शाळेत रुडॉल्फने असंच एक काचेचं साधन पाहिलं होतं असं सांगतात. नळीत दट्ट्या झटकन दाबला, की आतला कापूस पेट घ्यायचा.

त्याने विचार केला, की इंजिनात ठिणगीची गरजच काय? नुसती हवा एवढी दाबायची, की ती भट्टीसारखी तापेल. मग त्यात तेल फवारायचं, ते आपोआप पेटेल. आजच्या ट्रकच्या इंजिनात हवा साधारण सोळा-अठरा पट दाबली जाते आणि पाचशे अंश सेल्सिअसच्या वर तापते. पेट्रोलच्या गाडीत स्पार्क प्लग असतो, डिझेलच्या गाडीत तो नसतो, त्याचं कारण हेच.

१८९२ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला. ऑग्सबर्गच्या कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिलं इंजिन तपासलं, तेव्हा आतला दाब इतका वाढला की मोजमापाचं उपकरणच फुटलं. माणसं थोडक्यात वाचली. पण दाबलेल्या हवेत तेल पेटतं, हे त्याच दिवशी सिद्ध झालं. त्यानंतर जवळजवळ चार वर्षं दुरुस्त्या चालल्या. १७ फेब्रुवारी १८९७ रोजी म्युनिकच्या प्राध्यापक श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंधनातली २६ टक्क्यांहून जास्त उष्णता कामाला लागली होती. कुठे दहा आणि कुठे सव्वीस!

मग थंडीत अडतं कुठे?

आता आपल्या निफाडच्या गाडीकडे येऊ. सगळा खेळ तापलेल्या हवेचा आहे. पहाटे इंजिनाचं लोखंड थंडगार असतं. दाबलेल्या हवेची गरमी ते लगेच ओढून घेतं. त्यात बॅटरी थंडीने मंदावते, ऑईल घट्ट होतं, म्हणून इंजिन हळू फिरतं आणि हवेला तापायला हवा तेवढा झटका मिळत नाही. तेल अर्धवट जळतं. तो पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. फार कडाक्याच्या प्रदेशात तर डिझेलमधलं मेण गोठून फिल्टरच तुंबतो.

इंजिन लवकर तापावं म्हणून बरेच जण ते उभ्यानेच अर्धा तास चालू ठेवतात. पण उभ्या गाडीत डिझेल इतकं थोडं जळतं की गरमीही थोडीच तयार होते. त्यामुळे इंजिन सावकाश तापतं, डिझेल फुकट जातं आणि धूर शेजारच्यांच्या, शाळेत निघालेल्या मुलांच्या नाकात. म्हणून पालकहो, हे लक्षात घ्या :

- इंजिनात हीटर असेल तर त्याचा दिवा विझेपर्यंत थांबून मगच स्टार्टर मारावा.
- ऑईलचं प्रेशर आणि एअर ब्रेकची हवा भरेपर्यंत थांबावंच लागतं. त्यात घाई नको. मग गाडी हळू, कमी आरपीएमवर काढावी. चालत्या गाडीत इंजिन लवकर तापतं. थंड इंजिन मात्र जोरात रेस करू नये.
- थर्मोस्टॅट काढून टाकू नये. उन्हाळ्यात बरं वाटतं, पण थंडीत इंजिन तापतच नाही.
- कडक थंडीत काही जण रेडिएटरपुढे पुठ्ठा लावतात. लावला तर पूर्ण झाकू नये, काट्यावर लक्ष ठेवावं आणि चढ लागायच्या आधी काढावा.
- टाकीखाली जाळ करणं जिवावर बेतू शकतं. ते कधीच नको.

पुढे काय झालं?

डिझेलचं इंजिन कारखान्यांत, मग जहाजांत गेलं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात अशा प्रकारचं एक इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं गेलं. डिझेलला पैसाही मिळाला, पण पेटंटवरून भांडणं झाली, व्यवहार बुडाले, तब्येत ढासळली आणि कर्ज वाढत गेलं. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री तो अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ड्रेस्डेन नावाच्या बोटीवर होता. जेवण करून केबिनकडे गेला तो सकाळी दिसलाच नाही. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला. खिशातल्या वस्तू मुलाने ओळखल्या. अपघात, आत्महत्या की आणखी काही, याचं पक्कं उत्तर आजही नाही. वय होतं ५५.

डिझेलवर धावणारा ट्रक त्याने पाहिलाच नाही. तेल फवारण्यासाठी त्याच्या इंजिनाला मोठा हवेचा पंप लागायचा, तो गाडीत मावत नव्हता. १९२३-२४ च्या सुमारास जर्मनीत पहिले डिझेल ट्रक आले आणि १९२७ पासून बॉश कंपनीचे इंधन पंप मिळू लागल्यावर ते झपाट्याने वाढले. आपल्याकडे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स सुरू झाली आणि विहिरीवरची डिझेल इंजिनं गावोगाव पोहोचली. गावाकडे आजोबांनी हँडल मारून इंजिन सुरू करताना मुलांनी पाहिलं असेल. आधी व्हॉल्व्ह उघडा ठेवून जड चाक जोरात फिरवायचं आणि मग व्हॉल्व्ह सोडायचा. हवा झटक्यात दाबली जावी म्हणूनच ती खटपट.

वर्गात काय करता येईल?

सायकल पंपाचा प्रयोग करा. ज्यांच्या घरी कोणी ड्रायव्हर किंवा मेकॅनिक आहे, त्या मुलांना घरी विचारून यायला सांगा, की थंडीत गाडी कशी सुरू करता? त्या दिवशी वर्गात तेच मूल शिक्षक होईल. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणाऱ्या मुलाला आपल्या बाबांचं काम म्हणजे विज्ञान आहे हे कळणं, ही लहान गोष्ट नाही. आणि बाबांनाही घरी आलेल्या त्या प्रश्नातून उभ्या गाडीच्या धुराबद्दल कळलं, तर आपल्या गल्लीतली सकाळची हवा थोडी तरी सुधारेल.

लेख आवडला तर आपल्या शाळेच्या ग्रुपवर जरूर पाठवा.