लोहमार्गाचे स्वप्न पाहणारे नाना शंकरशेट

पनवेल तालुक्यातील ओवे गावाच्या परिसरातून आज उपनगरी गाड्या धावतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मात्र मुंबईहून पुण्यास निघालेला प्रवासी गलबताने पनवेल बंदरात उतरे आणि पुढे बोरघाट चढून देशावर जाई. हे चित्र ज्या लोहमार्गाने पालटले, त्याच्या उभारणीत जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचा मोलाचा वाटा होता.

मूळच्या मुरबाडच्या मुरकुटे घराण्यात १० फेब्रुवारी १८०३ रोजी नानांचा जन्म झाला. १८२२ मध्ये वडिलांचे निधन झाल्याने ऐन तारुण्यातच मोठ्या व्यापाराचा भार त्यांच्यावर आला. मिळालेली संपत्ती त्यांनी समाजकार्यासाठी मुक्तहस्ते वेचली. सतीबंदीला त्यांनी पाठिंबा दिला आणि विरोध पत्करून मुलींच्या शिक्षणाला आपल्या वाड्यात जागा दिली.

इंग्लंडमध्ये आगगाडी सुरू झाल्याचे ऐकून ती मुंबईतही यावी, असा ध्यास त्यांनी घेतला. १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई यांच्यासह त्यांनी त्यासाठी संस्था स्थापन केली. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी अस्तित्वात आली. १६ एप्रिल १८५३ रोजी साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी चौदा डबे ओढत बोरीबंदर ते ठाणे हे ३४ किलोमीटरचे अंतर कापले. त्या पहिल्या गाडीच्या प्रवाशांत नानाही होते.

तथापि, सरकारदरबारी मान असलेल्या या पुरुषावरही १८५७ च्या उठावाच्या वेळी फितुरीचा संशय घेण्यात आला. पुराव्याअभावी ते निर्दोष ठरले आणि पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात सभासद म्हणून बसले.

१८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग खुला होऊन मुंबई-पुणे अखंड जोडली गेली. तो मार्ग कल्याण-कर्जतवरून गेल्याने पनवेल बंदराची वर्दळ ओसरली. ज्या प्रगतीने देश जोडला, तिने या भागाला मात्र शतकभर बाजूस ठेवले. पनवेलला रेल्वे आली ती १९६० च्या दशकात.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे देहावसान झाले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत त्यांचा पुतळा आहे. पण त्यांचे खरे स्मारक रुळांवरून रोज धावत असते.