शोध टेस्लांचा, हक्क कंपनीचा

१८८६-८७ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क येथे दोन डॉलर रोजाने चर खणणाऱ्या मजुरांमध्ये तिशीतला एक अभियंताही होता. विजेच्या दिव्यांच्या पेटंटांवर शोधक म्हणून त्याचे नाव होते; मालकी मात्र कंपनीची होती. हा अभियंता म्हणजे निकोला टेस्ला.

आजच्या क्रोएशियातील स्मिल्यान या खेड्यात १० जुलै १८५६ रोजी एका सर्ब धर्मगुरूच्या घरी टेस्ला यांचा जन्म झाला. १८८२ मध्ये ते पॅरिसमधील एडिसन कंपनीत नोकरीला लागले. १८८४ मध्ये अमेरिकेत येऊन त्यांनी एडिसन यांच्याच कारखान्यात सुमारे सहा महिने काम केले आणि मग ती नोकरी सोडली.

त्यानंतर रॉबर्ट लेन आणि बेंजामिन वेल या भांडवलदारांनी त्यांच्या नावाने कंपनी काढली. टेस्ला यांनी आर्क दिव्यांची सुधारित पद्धत तयार केली आणि शेअरच्या मोबदल्यात पेटंटे कंपनीला लिहून दिली. न्यू जर्सीतील राहवे गाव त्या दिव्यांनी उजळलेही. मात्र भांडवलदारांना नव्या संशोधनापेक्षा वीजपुरवठ्याच्या धंद्यात अधिक रस होता. त्यांनी टेस्ला यांना वाऱ्यावर सोडले. हाती उरलेल्या शेअरना किंमत नव्हती आणि स्वतःचाच शोध वापरण्याची मुभाही राहिली नव्हती.

या अनुभवाने ते सावध झाले. १८८७ मध्ये नव्या भागीदारांशी करार करताना पेटंटांच्या उत्पन्नातील एकतृतीयांश वाटा त्यांनी स्वतःकडे राखला. १८८८ मध्ये प्रत्यावर्ती विद्युतप्रवाहावर चालणाऱ्या मोटारीचे हक्क वेस्टिंगहाउस कंपनीने घेतले, तेव्हा रोख रक्कम व शेअरखेरीज दर अश्वशक्तीमागे अडीच डॉलर स्वामित्वधन ठरले. पुढे कंपनी अडचणीत येताच त्यांनी त्यावर पाणी सोडले. पण तो निर्णय त्यांचा स्वतःचा होता.

७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील एका हॉटेलच्या खोलीत त्यांचे निधन झाले. त्याआधी दहा वर्षे, १९३३ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एका खटल्यात नोकर आणि मालक यांच्या हक्कांची सीमा स्पष्ट केली होती. शोध लावण्यासाठीच नेमणूक झाली नसेल आणि तसा करारही नसेल, तर शोध नोकराचाच राहतो. मात्र मालकाचा वेळ आणि साधने वापरली असतील, तर तो विनामोबदला वापरण्याचा हक्क मालकाला मिळतो. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात नोकरदारांच्या शोधांविषयी स्वतंत्र तरतूद नाही. त्यामुळे येथे नियुक्तिपत्रातील अटींनाच महत्त्व येते. सही करण्यापूर्वी त्या वाचाव्यात, हा धडा टेस्ला यांना चर खणताना मिळाला होता.